मुकादमाच्या डोक्यावरची उचल: अंबाजोगाईतील पात्रलेखन कार्यशाळेचे परीक्षण

लिहू पाहणाऱ्यांना बोलावून दोन दिवस व्याख्याने ऐकवायची, प्रमाणपत्रे वाटायची आणि सामूहिक छायाचित्र काढून निरोप द्यायचा, अशा लेखन कार्यशाळांचा अलीकडे सुळसुळाट झाला आहे. अंबाजोगाईत नुकत्याच झालेल्या दोन दिवसांच्या पात्रलेखन कार्यशाळेकडे मी त्यामुळेच काहीशा साशंक मनाने गेलो होतो. या कार्यशाळेने मात्र साहित्याचा अख्खा पसारा अंगावर न घेता एकच प्रश्न हाती धरला: वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या असलेल्या साच्यांतून, म्हणजे सावकार, पाटील, सोशिक आई, खाष्ट सासू, शहाणा म्हातारा, गावचा टवाळ यांच्यातून, स्वतःचे म्हणता येईल असे नवे पात्र कसे उभे करायचे? दीड हजार रुपये शुल्क, त्यात दोन दुपारची जेवणे, चहा आणि एक छापील कार्यपुस्तिका. पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ यांनी हे पैसे वसूल केले. दुसऱ्या दिवसाची दुपार आणि कार्यपुस्तिका यांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

कार्यशाळेची मुख्य धुरा एका निवृत्त प्राध्यापिकेकडे होती आणि त्यांच्या जोडीला मालिकांचे संवाद लिहिणारे एक तरुण लेखक होते. शिबिरार्थी तीसच्या आसपास. त्यांत केज, धारूर, परळी, लातूर अशा ठिकाणांहून आलेले शाळामास्तर, दोन परिचारिका, स्पर्धा परीक्षांना कंटाळलेली काही मुले, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि एकांकिका स्पर्धांत पुरती मुरलेली एक मुलगी होती. 'तुम्हाला काय शिकायचे आहे' हा प्रश्न बाईंनी कोणालाच विचारला नाही. सर्वांना कागद देऊन त्यांनी प्रत्येकाला आपल्या गोष्टीतल्या खलनायकाचे चार ओळींत वर्णन लिहायला सांगितले, आणि मग नावे न सांगता ती वर्णने मोठ्याने वाचून दाखवली. पाच-सहा कागद वाचून होईपर्यंत सभागृहात हशा पिकू लागला, कारण बहुतेक सगळ्या खलनायकांना मिशा होत्या, बहुतेकांकडे जीप होती आणि जवळजवळ प्रत्येक जण गोरगरिबांच्या जमिनी लाटत होता. या हशावर बाई एवढेच म्हणाल्या, "साचा आला याचं वाईट वाटून घेऊ नका. तो आला म्हणजे तुम्हाला गोष्ट ऐकायची सवय आहे, एवढंच. आता याच माणसाला कामाला लावू."

पुढे आलेला सैद्धांतिक भाग थोडका होता, आणि थोडका होता म्हणूनच उपयोगी पडला. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली शंभर परीकथांची उकल करून असे दाखवले की कथेत माणसे कितीही बदलली तरी त्यांच्याकडून घडणारी कार्ये ठरावीकच असतात. अशी ३१ कार्ये त्यांनी नोंदवली आणि ती ७ भूमिकांत वाटली: खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या, नायकाला कामगिरीवर धाडणारा, नायक आणि तोतया नायक. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. बाईंनी मात्र या मांडणीतल्या सहसा दुर्लक्षिल्या जाणाऱ्या भागावर बोट ठेवले. एकच पात्र दोन-तीन भूमिका वठवू शकते आणि एकच भूमिका अनेक पात्रांत विभागली जाऊ शकते, हेही प्रॉप यांनी नोंदवून ठेवले आहे. बाईंचे म्हणणे असे की नवे पात्र शोधायला आकाशाकडे पाहण्याची गरज नसते. दोन जुन्या भूमिका एकाच माणसाच्या अंगावर टाकाव्यात आणि त्या दोन्ही त्याला एकाच दिवशी निभवाव्या लागतील अशी परिस्थिती आणावी. प्रत्येकाने आपल्या खलनायकाला दाता करून पाहावे, हा पहिला सराव त्यातूनच निघाला.

या सरावात धारूरकडच्या एका शिक्षकांचा मुकादम सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला, आणि तो कसा घडला हे सविस्तर सांगण्याजोगे आहे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचा मुकादम हा आमच्याकडच्या कथांतला हुकमी खलनायक आहे. गुरुजींच्या पहिल्या मसुद्यातला मुकादमही गोड बोलून लुबाडणारा, मजुरांच्या बायकांकडे वाईट नजरेने पाहणारा आणि शेवटी मार खाणारा असाच होता. बाईंनी त्यांना चारच प्रश्न विचारले: त्याने कोणाकडून पैसे घेतले आहेत, कोणाला दिले आहेत, ते बुडाले तर कोणाच्या दारात कोण उभे राहील, आणि हे सगळे त्याच्या घरात कोणाला ठाऊक आहे? उत्तरे देता देता गुरुजींनाच आपला मुकादम नव्याने दिसू लागला. तो कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून लाखांच्या घरात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो आणि ती एकेका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, वाटतो. मुलीचे लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे अशा कामांसाठी ऐन गरजेच्या वेळी रोख पैसा हातावर ठेवणारा तोच असतो, म्हणजे दाता तोच. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर एखादा कोयता दुसऱ्याच टोळीबरोबर निघून गेला, तर ती उचल मुकादमाच्या डोक्यावर बसते आणि वरून वसुलीला येणारी माणसे मुकादमाचे घर विचारत येतात. मजुराच्या दारात दांडगाई करणारा हा माणूस म्हणूनच मनातून भेदरलेला असतो. दुसऱ्या मसुद्यात गुरुजींनी त्याला पहाटे चार वाजता गावातून फिरवले. दोन जोडपी रात्रीतून पळाली तर नाहीत ना हे पाहायला तो निघाला आहे, आणि बैल गोठ्यात दिसले की त्याचा जीव भांड्यात पडतो. त्याच्या मिशा, त्याची जीप, त्याची वाईट नजर यांपैकी काही उरले नव्हते, आणि तरीही तो पहिल्या मसुद्यातल्या मुकादमापेक्षा अधिक भीतिदायक झाला होता.

माझ्या मते कार्यशाळेचा गाभा हाच आहे. ओळखीच्या साच्याला नवेपणा यावा म्हणून आपण सहसा त्याला काहीतरी तऱ्हेवाईकपणा चिकटवतो: पाटलाला बासरीचा नाद लावतो, सासूला क्रिकेटचे वेड लावतो, गुंडाला मांजर पाळायला देतो. अशी सजावट पानभर टिकते आणि मग वाचक पुन्हा मूळ साच्याकडेच पाहू लागतो, कारण बासरी वाजवणारा पाटीलही संकटाच्या वेळी साच्यातल्या पाटलासारखाच वागतो. देणेघेणे मात्र वागणुकीपर्यंत पोहोचते. कोण कोणाचे देणे लागतो, पैशाचे असो, शब्दाचे असो किंवा उपकाराचे, हे एकदा ठरले की पात्राला काही गोष्टी करताच येत नाहीत आणि काही केल्याशिवाय राहता येत नाही. मग लेखकाला त्याला ओढत नेण्याची गरज उरत नाही. यावर एक आक्षेप मला तिथेच सुचला होता: सगळीच पात्रे कर्जबाजारी केली तर तोही एक साचाच होणार. काहींच्या मसुद्यांत तसे झालेही. दुसऱ्या सकाळपर्यंत निम्म्या पात्रांवर सोसायटीचे कर्ज चढले होते. त्यावर बाईंनी पैशाचे देणे वर्ज्य करून हाच सराव पुन्हा करायला लावला, हे त्यांच्या श्रेयात धरले पाहिजे.

लातूरहून आलेले एक वयस्क शिबिरार्थी, ज्यांना सगळे मामा म्हणू लागले होते, आपल्या पाटलाविषयी काही ऐकून घ्यायला तयार नव्हते. बाईंनी विचारले, "मामा, तुमच्या पाटलावर कोणाचं काय देणं आहे?" मामा म्हणाले, "पाटलावर कसलं देणं, मॅडम? चाळीस एकराचा धनी हाय त्यो." बाई म्हणाल्या, "मग त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न कशावर झालं?" मामा बराच वेळ गप्प राहिले आणि नंतर त्यांनी जे सांगितले ते कथेच्या बाहेरचे, बहुधा घरातलेच होते: चाळीस एकर सातबाऱ्यावर आहेत, भावांत वाटणी तोंडी झालेली आहे, फेब्रुवारीनंतर विहिरीला पाणी राहत नाही, आणि लग्नात धाकट्या भावाने पैसे घातले तेव्हापासून पाटील त्याच्यासमोर मोठ्या आवाजात बोललेला नाही. मामांनी ते लिहून काढले की नाही हे मला ठाऊक नाही. तेवढ्या बोलण्यात मात्र गावात दरारा असलेला आणि स्वतःच्या ओसरीवर आवाज न चढवणारा एक पाटील आम्हा सर्वांना दिसला.

दुपारच्या सत्रात बाई पैठणला पोहोचल्या, आणि मराठवाड्यात पात्रांविषयी बोलताना ते योग्यच होते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा आहेत, आणि त्यांतली माणसे जवळजवळ सगळी साच्यातलीच आहेत: वाटसरू, नांगऱ्याचा पोरगा, गावप्रमुखाची मुलगी, सासू, परगावी गेलेल्याची बायको. त्यांना नावे नाहीत. दोन ओळींच्या गाथेत नाव-गाव सांगायला जागाही नसते. असे असूनही पाणपोईवरच्या मुलीची गाथा ऐकली की ती दोन माणसे विसरत नाहीत. वाटसरू ओंजळीने पाणी पितो, नजर वर तिच्याकडे लागलेली असते, आणि पाणी लवकर संपू नये म्हणून तो बोटे सैल सोडून ते गळू देतो. तिला हे कळते आणि ती पाण्याची धार आणखी बारीक करते. स्वभाववर्णन नाही, पूर्वायुष्य नाही, फक्त एकाच्या कृतीला दुसरीने दिलेले उत्तर आहे. पूर्वायुष्याची दहा-दहा पाने लिहून आणणाऱ्या आम्हा लोकांना ही गाथा ऐकवण्यामागचा हेतू उघड होता, आणि तो साधला.

त्याच ओघात एकनाथांची भारुडे आली. नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, वेडी, आंधळा, बहिरा अशी गावाच्या रोजच्या पाहण्यातली सोंगे घेतली. त्यांचा वेश, त्यांची साधने, त्यांची पुकारण्याची ढब प्रेक्षकाला आधीपासून माहीत होती, आणि तो वेश ओळखीचा होता म्हणूनच त्यातून येणारे अनपेक्षित बोल कानांवर आदळत. सासरच्या एकेका माणसाला वाटेतून दूर कर म्हणून भवानीला रोडगा कबूल करणारी सून हे याचे उत्तम उदाहरण आहे. सून म्हणताच ऐकणाऱ्याला सोसणारी, डोळे पुसणारी बाई अपेक्षित असते, आणि इथे ती नवस बोलत सगळ्यांचा निकाल लावत सुटते. नाथांना त्यातून अध्यात्म सांगायचे आहे हे खरे, परंतु लिहिणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की वेश जुना ठेवून बोलणे बदलता येते. याला पूरक म्हणून बाईंनी संस्कृत नाटकातला शकार सांगितला. राजाचा मेहुणा, सत्तेचा माज असलेला आणि अडाणी, हा साचा आजही तालुक्याच्या प्रत्येक गावी भेटतो. मृच्छकटिकातला शकार लक्षात राहतो तो मात्र त्याच्या बोलण्यामुळे. विद्वत्ता मिरवायच्या नादात तो रावणाच्या तावडीत कुंती घालतो, आणि समोरच्यांपैकी कोणी फारसे अडवत नाही, कारण तो राजाचा मेहुणा आहे. त्याचे अज्ञान आणि त्याची सत्ता या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात दिसतात. हे सत्र पाऊण तासात उरकले गेले, ही माझी पहिली तक्रार. बोली हा आमच्या भागातल्या लेखकाचा खरा प्रश्न आहे. सगळी पात्रे 'लै' आणि 'हाय' म्हणू लागली की ती मराठवाड्यातली ठरतात असे समजणारे मसुदे त्या सभागृहात कमी नव्हते, आणि एकाच घरातली आजी, नोकरदार मुलगा आणि लातूरला शिकवणीला गेलेली नात तीन वेगळ्या तऱ्हांनी कसे बोलतील यावर स्वतंत्र सराव व्हायला हवा होता.

आता कार्यपुस्तिकेविषयी. कागद चांगला आहे, मुद्रणदोष कमी आहेत, आणि तिची स्तुती करण्यासारखे एवढेच आहे. निम्म्याहून अधिक पाने पात्राची माहिती भरण्याच्या तक्त्यांनी व्यापली आहेत: आवडता रंग, आवडता पदार्थ, रास, उंची, छंद, सर्वांत मोठी भीती. शाळाप्रवेशाच्या अर्जासारखे हे तक्ते भरून पात्र उभे राहत नाही, आणि विशेष म्हणजे बाईंनी दोन दिवसांत त्यांना हातही लावला नाही. पुस्तिका कोणी वेगळ्याने केली असावी असे वाटते. याहून गंभीर चूक बारा आदिरूपांच्या, म्हणजे माणसांच्या मूळ नमुन्यांच्या, तक्त्यात आहे. योद्धा, प्रेमी, साधक, बंडखोर अशा बारा प्रकारांची ती यादी थेट मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या नावावर छापली आहे. युंग यांनी छाया, माता, बालक, शहाणा वृद्ध, खोडसाळ अशा आदिरूपांविषयी लिहिले, परंतु बाराचा असा तक्ता त्यांनी मांडलेला नाही. ती मांडणी पुढे कॅरल पिअरसन यांच्या लेखनातून रूढ झाली आणि जाहिरातक्षेत्रात तर ती फारच पसरली. व्यापारचिन्हांना व्यक्तिमत्त्व देण्यासाठी वापरला जाणारा तक्ता ऊसतोड मजुराच्या कथेवर बसवताना निदान तो कुठून आला हे वाचकाला कळले पाहिजे. पुढच्या आवृत्तीत हे पान दुरुस्त करावे किंवा काढून टाकावे.

दुसऱ्या दिवसाची सकाळ सोशिक आईला दिली होती. मराठी कथेतला हा सर्वांत अवघड साचा, कारण त्याला हात लावताना लिहिणाऱ्याला अपराधी वाटते. केजहून आलेल्या एका परिचारिकेने आपल्या कथेतली आई वाचून दाखवली: पहाटे उठणारी, उपाशी राहणारी, मुलांसाठी फडात राबणारी. ऐकणाऱ्यांपैकी काहींचे डोळे पाणावले, आणि नेमक्या त्याच क्षणी बाईंनी विचारले, "ताई, ही बाई घरात कोणापासून काय लपवते?" ताई आधी थोड्या दुखावल्या. मग त्यांनी सांगितले की ती वाढे विकते. ऊस तोडल्यावर उरलेल्या शेंड्याच्या पेंढ्या गुरांच्या चाऱ्यासाठी विकून आलेले पैसे ती नवऱ्याला पूर्ण सांगत नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवते. ते कशासाठी ठेवते, असे विचारल्यावर उत्तर आले की मुलीच्या शिक्षणासाठी. "तेही ठरलेलंच झालं," बाई म्हणाल्या. ताईंनी जरा विचार करून म्हटले, "मग तिच्या स्वतःसाठी. तिला एकदा एकटीनं पंढरपूरला जायचंय, कोणाचा सैपाक न करता." सभागृह हसले, आणि त्या हसण्यात सोशिक आईचा पुतळा पडला. ती आई मुलांवर प्रेम करतेच, नवऱ्याशी प्रामाणिकही आहे, फक्त डब्याखालच्या पैशांपुरती ती कोणाचीच नाही. दोन दिवसांत घडलेल्या पात्रांपैकी हे मला सर्वांत अस्सल वाटले.

मालिकालेखकांच्या दुपारच्या सत्राविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात थोडकेच होते. वाहिनीला सासू कशी हवी असते, खलनायिकेची साडी कोणत्या रंगाची असते, प्रेक्षकसंख्या घसरली की कोणत्या पात्राची स्मृती जाते, हे किस्से रंजक होते आणि वक्ते दिलखुलास होते. साच्यांचा व्यवहार कसा चालतो हे त्यातून कळले, पण साच्यातून बाहेर कसे पडायचे हा विषय त्यांनी टाळला. चहाच्या आधी त्यांनी संगणकाला एक पात्र घडवायला सांगून ते पडद्यावर दाखवले. त्या पात्राला दुःखद भूतकाळ होता आणि डायरी लिहिण्याची सवय होती. याहून अधिक त्याविषयी सांगण्यासारखे नाही. प्रश्नोत्तरांत मात्र एक कामाची गोष्ट निघाली. आपला दरोडेखोर एखाद्या गाजलेल्या दरोडेखोरासारखा वाटला तर चोरी ठरेल का, अशी भीती अनेकांना होती. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा आहे, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने नाटक आणि चित्रपट यांच्या साम्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा, ऐतिहासिक घटना यांवर कोणाचा प्रताधिकार नसतो. संरक्षण मिळते ते त्या कल्पनेच्या विशिष्ट मांडणीला. म्हणजे दरोडेखोर सर्वांचा आहे, परंतु दुसऱ्याने रंगवलेला त्याचा चेहरा, त्याचे नाव आणि त्याची वाक्ये उचलता येणार नाहीत. कायद्याची ही बाजू वक्त्यांनी नेमकी सांगितली, याबद्दल त्यांना धन्यवाद.

सर्वांत मोठी उणीव वैयक्तिक अभिप्रायाची. जाहिरातीत प्रत्येकाच्या मसुद्यावर स्वतंत्र चर्चा होईल असे म्हटले होते. प्रत्यक्षात ती मोजक्याच जणांच्या वाट्याला आली, आणि उरलेल्यांना मसुदे मागाहून पाठवा असे सांगण्यात आले. तीस माणसांत दोन दिवसांत हे जमणार नाही, हे आयोजकांना आधीच दिसायला हवे होते. संख्या पंधरावर आणावी, हवे तर शुल्क थोडे वाढवावे. व्यवस्थेत ध्वनिक्षेपक वगळता नाव ठेवायला जागा नाही. जेवण साधे आणि उत्तम होते: ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. येसर कोणाच्या घरचे चांगले यावर जेवताना जो वाद झाला, त्यात पात्रांच्या बोलण्याचा उरलेला अभ्यास आपोआप होऊन गेला.

पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी अर्धवट का होईना, स्वतःची एखादी कथा सोबत न्यावी. कोऱ्या हातांनी आलेल्यांना सराव गोड वाटले, पण त्यांच्या वहीत टिपणांपलीकडे काही उतरले नाही. पुढच्या रांगेत बसावे, म्हणजे ध्वनिक्षेपकाचा जाच कमी होतो. अंबाजोगाई शहरात रेल्वे नाही, त्यामुळे रेल्वेने येणाऱ्यांनी परळी वैजनाथला उतरून एस.टी. धरावी, आणि नावनोंदणी करतानाच मसुद्यावर चर्चा नेमकी कोणत्या सत्रात होणार हे आयोजकांकडून लेखी मागून घ्यावे.